तिसरी डिस्क मिनासला गेली

डिस्क एकच काम करत असते तेव्हा तिचा दिवा जवळजवळ स्थिर दिसतो. वर बोट टेकवलं तर बारीक, एकसुरी थरथर जाणवते. तिच्याकडे एकाच वेळी आठ जणांनी आठ वेगळ्या गोष्टी मागितल्या की दिवा अडखळायला लागतो आणि थरथरीत टक्-टक् मिसळते. ती टक्-टक् म्हणजे आतल्या वाचणाऱ्या सुईची धावपळ. एकासाठी थोडं वाचायचं, तबकडीच्या दुसऱ्या टोकाला जायचं, दुसऱ्यासाठी थोडं वाचायचं, परत यायचं. त्या वेळात वाचन होत नाही, नुसता प्रवास होतो. मी हे मोजून पाहिलं आहे. आठ जणांना एकदम द्यायला निघालेली डिस्क, त्यांना एकामागून एक दिलं असतं त्याहून कितीतरी जास्त वेळ खाते.

कामाग्वेय शहरात माझं पोट या मोजमापावर चालतं. दर सोमवारी पहाटेच्या बसने हवानाहून एक डिस्क येते. तिला आम्ही आई म्हणतो. तिच्यात त्या आठवड्याचं गाठोडं असतं: मालिका, सिनेमे, गाणी, बेसबॉलचे सामने, फोनचे प्रोग्राम, घरं विकण्या-घेण्याच्या जाहिराती. फोनवर इंटरनेट चाटण्यापुरतं मिळतं; पोट भरायचं तर गाठोडंच लागतं. पण आई आमच्याकडे मुक्कामाला नसते. सकाळच्याच बसने तिला पुढे लास तुनासला पाठवावं लागतं, कारण तिथलेही लोक वाट बघत असतात. आणि दुपारी आमच्या भागाची वीज जाते. कधी येईल ते कुणी सांगत नाही. म्हणजे जे करायचं ते सकाळीच.

माझ्याकडून गाठोडं घेऊन गावोगाव जाणारे डझनभर फेरीवाले आहेत. दारात आलेला प्रत्येक जण आधी विचारतो, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं. तो चेहरा लक्षात ठेवून नवा माणूस निर्धास्तपणे कोपऱ्यावर उसाचा रस प्यायला जातो. आपली डिस्क टेबलावर ठेवायची, काय हवं ते सांगायचं, आणि दिवा थांबला की ती उचलून चालू पडायचं. सगळ्यांना सगळंच नको असतं. कुणाच्या गावात तुर्की मालिका चालतात, कुणाच्या गावात कोरियन. त्यामुळे सगळ्यांना एकच एक नक्कल वाटून मोकळं होता येत नाही.

मी आधी इथल्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होते. अर्धे फेरीवाले माझे विद्यार्थी निघाले, म्हणून सगळेच मला बाई म्हणतात.

रेनेरिओ मात्र नावाने हाक मारतो, कारण आम्ही एका वर्गात होतो. रेल्वेरुळांपलीकडे त्याचं मोठं घर आहे, जनरेटर आहे, कामाला माणसं आहेत आणि हवानाहून त्याची स्वतःची वेगळी आई येते. वर्षभर तो मला एकच गोष्ट सांगत होता.

"इदालमिस, दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये. मशीनं तू बघ, माणसं मी बघतो. डोक्याला ताप नाही."

"सोमवारी सांगते," मी म्हणायची.

"कुठल्या सोमवारी?"

"सांगते ना."

हो म्हणवत नव्हतं, कारण रेनेरिओ लहान गावांना देत नाही. मिनास, सेनादो, आणखी आत माराबूच्या काटेरी रानातली वस्ती, तिथला फेरीवाला त्याला परवडत नाही. माझ्या रांगेतली निम्मी माणसं तिथलीच. पण नाहीही म्हणवत नव्हतं. अलीकडे वीज जायच्या वेळी चार-पाच जणांच्या डिस्का अर्ध्याच भरलेल्या असत. अर्धी डिस्क घेऊन गावात गेलेला माणूस शिव्या खातो. दोघे तर रूळ ओलांडून गेलेही होते. नाही म्हणायचं तर सगळ्यांना सकाळच्या सकाळी देता आलं पाहिजे. ते जमेल का, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसताना उत्तर द्यायची मला सवय नाही.

म्हणून मी चार जुन्या डिस्का जमवल्या आणि त्या एकत्र बांधल्या.

यात जादू काही नाही. कुठलीही फाईल घ्यायची, तिचे छोटे तुकडे करायचे. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसरीवर, तिसरा तिसरीवर, चौथा चौथीवर, पाचवा परत पहिलीवर. वाचताना चौघी एकदम कामाला लागतात. एकीची सुई प्रवासात असली तर बाकीच्या वाचत असतात. संगणकाला वाटतं समोर एकच मोठी, चलाख डिस्क आहे. किंमत एकच: चौघींपैकी एक गेली तर उरलेल्या तिघींकडे प्रत्येक फाईलचे तुकडे असतात आणि एकही मोठी फाईल पूर्ण नसते.

त्या सोमवारी मी हे पहिल्यांदा वापरलं. पहाटे आईकडून सगळं गाठोडं एका दमात चौघींवर उतरवून घेतलं. मधे कुणालाही हात लावू दिला नाही. आईचा दिवा शेवटपर्यंत स्थिर होता. काम संपलं तेव्हा मी तिला रुमालात गुंडाळलं आणि बसच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायला तळावर गेले. घरात फेफा मावशी होती. रांग तीच सांभाळते.

परत आले तर दारात माणसं, टेबलावर फेरीवाल्यांच्या डिस्का, आणि भिंतीकडच्या काळ्या डब्यांतल्या माझ्या चार डिस्कांच्या जागी तीन. तिसऱ्या जागेची वायर नुसती लोंबत होती. पडद्यावर एक ओळ होती: एक घटक सापडत नाही.

"मावशी, इथे कोण आलं होतं?"

"सगळेच आले होते. कॉफी करत होते मी. का गं?"

"या भिंतीकडे कोण आलं होतं?"

"दादो आला होता. घाईत होता, मिनासचा ट्रक भरत आला होता म्हणे. त्याने आपली डिस्क घेतली आणि गेला."

दादो म्हणजे दिओस्दादो, मिनासचा फेरीवाला. त्याची डिस्क टेबलावरच होती. तिच्यावर त्याच्या मुलीने चिकटवलेला घोडा होता. पण आमच्या सगळ्यांच्या डब्या पनामाहून एकाच बाईने आणलेल्या, सारख्या काळ्या. चिकटवलेला घोडा खालच्या बाजूला गेलेला. मी आईला सोडवून नेलं तेव्हा चौघींचे दिवे एकदम थांबले होते, आणि दिवा थांबलेली डिस्क उचलायची, हे त्याला माझ्याच टेबलाने शिकवलं होतं. आमच्या धंद्यात डिस्क म्हणजे पूर्ण वस्तू. एका डिस्कमध्ये कशाचाच पूर्ण भाग नसेल, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. ते मला आधी सुचायला हवं होतं.

"फोन कर ना त्याला," मावशी म्हणाली.

फोन लागला नाही. मिनासची वीज गेली की तिथला टॉवरही जातो.

"मग येईल की परत. रिकामी दिसली की येईलच बोंबलत."

"मावशी, त्याच्या लॅपटॉपला ही डिस्क वाचता येणार नाही. तो विचारेल, डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का?"

"आणि?"

"आणि आपल्याकडे या प्रश्नाला आजवर कुणी नाही म्हटलंय?"

रांगेतला ओस्माने नावाचा सेनादोचा म्हातारा तोंडातली चिरूट काढून म्हणाला, "बाई, मी तर प्रश्न वाचतही नाही."

सगळे हसले. मग हसणं थांबलं, कारण एव्हाना त्यांनाही कळलं होतं की आई तळावरून निघून गेली आहे आणि या भिंतीपाशी आता काहीच नाही.

"आज नाहीच का मग?" एक जण म्हणाला. "म्हणजे... रुळापलीकडे बघावं का?"

नेमक्या त्या वेळी रेनेरिओची साइडकारवाली मोटारसायकल दारात थांबली. सोमवार होता. तो उत्तर घ्यायला आला होता. मावशीने त्याला सगळं सांगून टाकलं, न विचारता.

तो खिडकीत कोपर टेकून उभा राहिला. "सोपं आहे. माझ्याकडे पूर्ण गाठोडं आहे. या सगळ्यांना आत्ता माझ्याकडे पाठव. आणि तूही चल. विषय संपला."

"सेनादोला देशील?" ओस्मानेने विचारलं.

"आजोबा, आजचा दिवस देईन."

मी माझ्या उरलेल्या तिघींकडे पाहिलं. त्यांचा काही दोष नव्हता. दोष मांडणीचा होता, आणि मांडणी दुरुस्त करता येते. प्रश्न एवढाच होता की तिसरीच्या बाबतीत काय शिल्लक आहे. आणि ते इथे बसून कळणार नव्हतं.

"तुझ्या गाडीत पेट्रोल आहे?" मी विचारलं.

"आहे. का?"

"मला मिनासला ने."

"मी? तुझं दुकान वाचवायला?"

"तुला पुढे माझ्याकडून मशीनं बघून घ्यायची आहेत ना? मग आज मी काम कसं करते ते बघ. फुकट."

तो हसला. शाळेतही तो पैज लावायला सांगितली की हसायचा. "बस."

मी रांगेकडे वळले. "तुम्ही सगळे दुपारपर्यंत थांबा. थांबणार नसाल तर आत्ता सांगा."

एक जण उंबऱ्यावर टेकला. मग ओस्माने म्हणाला, "शेवटचा मी आहे. कुणी आलं तर सांगतो."

साइडकारमध्ये बसून बोलणं कठीण असतं, पण रेनेरिओ ओरडून बोलतो. दोन्ही बाजूंना ऊस संपून माराबूचं रान सुरू झालं तेव्हा तो म्हणाला, "चार डिस्का एकत्र बांधणं म्हणजे चार नवरे करण्यासारखं आहे बघ. एक पळाला की..."

"की उरलेले तीन बिनकामाचे. माहीत आहे मला."

"मग केलंस कशाला?"

"कारण त्यात मी आठवड्यापेक्षा जास्त काही ठेवणार नाही. पुढच्या सोमवारी सगळं पुसलंच जाणार. लोकांच्या लग्नाचे, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याचे व्हिडिओ मी त्यात घालणार नाही. ते वेगळे, दोन ठिकाणी. पण गाठोड्याला वेग लागतो, आयुष्य लागत नाही."

त्याने एक खड्डा चुकवला. "माझ्याकडे सगळं एकत्रच आहे," तो मग म्हणाला. "वाढदिवसही."

"कशावर?"

"एकाच मोठ्या डिस्कवर."

"रेनेरिओ, पुढे बघून चालव."

मिनासला दादोच्या ओसरीवर दहा-बारा माणसं पेन ड्राइव्ह हातात घेऊन बसली होती. लॅपटॉपच्या बॅटरीवर कसंबसं काम चाललं होतं. दादोने मला पाहिलं आणि उठून उभाच राहिला.

"बाई! तुम्ही मला कोरी डिस्क दिलीत! सगळ्या गावासमोर! ही माझी सासू बघा, मालिका नाही म्हणून सकाळपासून बोलत नाहीये."

"बोलतेय की," आतून आवाज आला. "तुझ्याशी नाही."

"दादो, फॉरमॅट केलीस का?"

"हो."

रेनेरिओने मोटारसायकलचं इंजिन बंद केलं. त्याने उसासा टाकला. "संपलं मग," तो म्हणाला.

"पटकन झालं की वेळ लागला?" मी दादोला विचारलं.

"पटकन. डोळा मिटेपर्यंत."

"नंतर तिच्यावर काही भरलंस?"

"एक गाणं टाकून बघितलं. चालतंय का ते."

"एकच?"

"एकच. माझंच आवडतं. मग पुढे भरायला होतं काय बाई? कोरीच तर होती!"

"कोरी नव्हती," मी म्हटलं. "तुला वाचता येत नव्हती. तुझी डिस्क माझ्या टेबलावर आहे, घोडा खालच्या बाजूला. चूक तुझी नाही. मी माझ्या डिस्का तुमच्यासारख्याच ठेवल्या. उद्या त्या भिंतीला खिळ्यांनी ठोकते." मग त्याच्या माणसांना सांगितलं की त्यांनी संध्याकाळी परत यावं, दादो पूर्ण गाठोडं घेऊन येईल. सासूबाई बाहेर येऊन मला नीट बघून गेल्या.

दादो आमच्याबरोबर निघाला, रेनेरिओच्या मागे बसून. मी डिस्क पोटाशी धरली होती. वाटेत रेनेरिओने एकदाच विचारलं, "फॉरमॅट केलेल्या डिस्कचं तू काय करणार आहेस?"

"पटकन होणाऱ्या फॉरमॅटमध्ये पुसत काही नाहीत. अनुक्रमणिका फाडतात आणि कोरी अनुक्रमणिका चिकटवतात. मधली पानं तशीच असतात. आणि या डिस्कवर अनुक्रमणिकेचा पहिला तुकडा नव्हताच. तो पहिलीवर होता. पहिली माझ्या घरी आहे."

"म्हणजे येईल सगळं?"

"सगळं नाही. जिथे कोरी पानं चिकटली तिथे थोडं गेलं असेल. त्याच्या गाण्याखाली थोडं गेलं असेल."

"थोडं म्हणजे किती?"

"जोडली की मोजून सांगते."

मागून दादो ओरडला, "मी गाणं लहान टाकलं होतं, बाई!"

घरी आलो तेव्हा एकही माणूस हलला नव्हता. उलट दोन वाढले होते. मावशीने सगळ्यांना कॉफी दिलेली दिसत होती, आणि आमच्या घरात तेवढी कॉफी नसते, म्हणजे ती शेजाऱ्यांकडून आणली होती. मी तिसरी डिस्क तिच्या वायरला लावली. संगणक म्हणाला, हिला मी ओळखत नाही. ते बरोबरच होतं. ओळखपत्र फाटलेलं होतं. मी त्याला नव्याने सांगितलं: चौघी, या क्रमाने, तुकडा एवढ्या आकाराचा. क्रम चुकला असता तर सगळ्या सिनेमांचा भुगा झाला असता, पण क्रम मीच ठरवला होता आणि आकारही. मी आधी फक्त वाचायची परवानगी दिली, लिहायची नाही, आणि अनुक्रमणिकेच्या राखीव प्रतीवरून मूळ पानं तपासली.

फोल्डर उघडले. नावं आली. मी एक सिनेमा मधूनच चालवला. एक माणूस समुद्राकडे धावत होता, आणि धावत राहिला. कुठे अडखळला नाही.

एवढ्यावरून खोलीतल्या कुणाला अजून काही कळलं नव्हतं. मी तपासणी चालवली. खराब फाईली मोजक्या निघाल्या: एका स्वयंपाकाच्या कार्यक्रमाचे तुकडे, दोन सिनेमांची टोकं, आणि तुर्की मालिकेचा या आठवड्याचा एक भाग.

"कुठला भाग?" मावशीने लगेच विचारलं.

"शुक्रवारचा."

"शुक्रवारचाच? तिला नवरा ओळखतो का नाही ते शुक्रवारीच कळणार होतं! दादो, मेल्या, तुला गाणं टाकायला दुसरी जागा नव्हती?"

"मावशी, मला काय माहीत तिथे तुमचा नवरा होता!"

आता सगळे हसले, आणि या वेळी हसणं थांबलं नाही. मी फेरीवाल्यांच्या डिस्का एकेक करून जोडल्या. एकाच वेळी सगळ्या. पूर्वी असं केलं की टक्-टक् सुरू व्हायची आणि पडद्यावरची पट्टी जागच्या जागी रेंगाळायची. मी चौघींवर एकेक बोट ठेवून पाहिलं. पहिलीची सुई प्रवासात असली की दुसरी वाचत होती, तिसरीसुद्धा, जिला सकाळी मिनासपर्यंत फिरवून आणलं होतं. थोडी टक्-टक् होतीच, पण एकीवर साचत नव्हती. पट्ट्या पुढे सरकत होत्या, सगळ्यांच्या, सारख्या.

मी राहिलेलं काम घेतलं, वेगाने भागलं. उत्तर वीज जायच्या बऱ्याच आधी येत होतं. परत एकदा भागलं, वेग थोडा कमी धरून. तरी येत होतं. सकाळचा एवढा मोठा भाग मिनासच्या रस्त्यावर घालवूनही येत होतं.

रेनेरिओ माझ्या खांद्यामागून पडद्याकडे बघत होता. त्याला आकडे वाचता येतात. शाळेत तो माझ्याहून फार मागे नव्हता.

"माझ्या जनरेटरवर, माझ्या एसीमध्ये," तो हळूच म्हणाला, "सहा जणांनंतर माझी माणसं लोकांना उद्या या म्हणतात."

"एकाच डिस्कवरून देता ना, म्हणून."

"मग माझ्याकडे येऊन हेच बांधून दे. हवा तेवढा पगार माग. शुक्रवारचा भागही मी आत्ता आणून देतो, मावशींसाठी." मग तो सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "इदालमिस, आज सोमवार आहे. मी वर्षभर थांबलो. आता बोल."

ओस्मानेने चिरूट विझवली. दादो आपली घोड्याची डिस्क धरून दाराशीच उभा राहिला. इतके महिने हे उत्तर माझ्या ओठांवर येऊन परत जात होतं, कारण त्याला आधार नव्हता. आता समोर पट्ट्या सरकत होत्या.

"मी तुझ्याकडे कामाला येणार नाही, रेनेरिओ," मी म्हटलं. "हे दुकान राहणार, आणि सेनादोही राहणार. तू तुझ्या डिस्का घेऊन माझ्याकडे ये. मी त्या बांधून देईन, आणि तुझे वाढदिवस आधी वेगळे काढून देईन."